डॅटसन २४०झेडमध्ये टर्बो इंजिन: एल२८ईटी बसवण्याविषयी सविस्तर चर्चा

धागाकर्ता

निसानच्या डॅटसन २४०झेड या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) असलेले इंजिन बसवायचे असेल, तर अधिक ताकदीच्या नव्या इंजिनांच्या मोहात न पडता त्याच कुळातील एल२८ईटी निवडावे आणि वाचलेला सगळा वेळ व पैसा इंजिनाभोवतीच्या यंत्रणांवर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. या धाग्यात त्यामागची कारणे मांडतो. ज्यांनी असे काम केले आहे किंवा जे करू पाहत आहेत, त्यांनी आपले म्हणणे अवश्य लिहावे.

२४०झेडचे मूळ इंजिन एल२४ हे २३९३ सीसीचे, एका ओळीतील सहा सिलिंडरांचे आहे. त्याच कुळातील एल२८ची क्षमता २७५३ सीसी असून बोअर ८६ मिमी आणि स्ट्रोक ७९ मिमी आहे. निसानने १९८१ ते १९८३ या काळात २८०झेडएक्स टर्बो या गाडीत याच इंजिनाची टर्बो आवृत्ती दिली, ती म्हणजे एल२८ईटी. तिचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ७.४:१ इतके खाली ठेवले होते, टर्बो गॅरेटचा टी३ होता, इंटरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारा भाग) नव्हता आणि ताकद सुमारे १८० अश्वशक्ती होती. ब्लॉकचे कूळ एकच असल्यामुळे २४०झेडची इंजिन माउंटिंग वापरून हे इंजिन मूळ जागी बसते, बॉनेट कापावे लागत नाही आणि गाडीचा पुढचा भाग फारसा जड होत नाही. जेमतेम एक टनाच्या आसपास वजन असलेल्या या गाडीच्या बाबतीत शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तिच्या स्टिअरिंगचा हलकेपणा हाच तिचा खरा गुण आहे आणि तो गमावून मिळवलेली ताकद मला नको आहे.

इंजिन विकत घेण्यापूर्वी ते खरोखर टर्बोचेच आहे, याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. एफ५४ हा ब्लॉक टर्बो आणि बिगरटर्बो अशा दोन्ही २८०झेडएक्समध्ये येत असे, त्यामुळे नुसत्या ब्लॉकवरच्या अक्षरांवरून काहीच सिद्ध होत नाही. बिगरटर्बो इंजिनाचे पिस्टन माथ्यावर सपाट असतात आणि टर्बोचे खोलगट असतात. स्पार्क प्लगच्या छिद्रातून लहान कॅमेरा आत घालून पिस्टनचा माथा पाहता येतो. हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या वरच्या भागावर, पी९० अशी खूण असावी. पी९०ए असल्यास त्यात हायड्रॉलिक लिफ्टर असतात, एवढे ध्यानात ठेवावे. सपाट पिस्टनचे इंजिन टर्बोचे समजून बसवले आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) दिला, तर नॉकिंगमुळे (मिश्रण अवेळी, अनियंत्रितपणे पेटल्यामुळे) पिस्टनच्या रिंगांमधील पातळ कडा तुटतात. हे पिस्टन ओतीव आहेत, घडीव नव्हेत, आणि ओतीव पिस्टन नॉकिंग फार काळ सोसत नाहीत.

आता इंटरकूलरविषयी, कारण मूळ कंपनीने तो दिला नव्हता म्हणून आपल्यालाही नको, असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. ३० अंश तापमानाची हवा टर्बोने ०.७ बार बूस्टपर्यंत दाबली, म्हणजे निरपेक्ष दाबाचे गुणोत्तर सुमारे १.७ झाले, तर शंभर टक्के कार्यक्षम कॉम्प्रेसरमध्येही ती हवा सुमारे ५० अंशांनी तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता प्रत्यक्षात ७० टक्के धरली, तर तापमानवाढ सुमारे ७० अंश होते, म्हणजे इंजिनात शिरणारी हवा १०० अंशांच्या घरात जाते. दाब १.७ पट झाला, तरी हवेची घनता मात्र केवळ १.३८ पट होते. मध्ये ७० टक्के परिणामकारक इंटरकूलर बसवल्यास तीच हवा ५० अंशांच्या आसपास येते आणि घनता जवळजवळ १.६ पट होते. ताकद घनतेतून मिळते, गेजवर दिसणाऱ्या दाबातून नव्हे. शिवाय गार हवेमुळे नॉकिंगची सीमा दूर जाते. त्यामुळे माझ्या योजनेत इंटरकूलरला पर्याय नाही आणि बूस्टची मर्यादा ०.७ बार हीच आहे.

प्रतिसाद

लेख आवडला. एक मूलभूत शंका आहे. माझ्या गाडीचे मूळ एल२४ उत्तम स्थितीत आहे आणि चॅसिस क्रमांकाशी जुळणारे आहे. ते काढून टाकण्याऐवजी त्यालाच टर्बो जोडून, कार्ब्युरेटर तसेच ठेवून, थोड्या बूस्टवर समाधान मानले तर चालणार नाही का?

धागाकर्ता

चालेल, पण मर्यादा स्पष्ट समजून घ्यावी लागेल. एल२४चे कॉम्प्रेशन जवळजवळ ९:१ आहे. वाढीव कॉम्प्रेशनवर टर्बो लावणे अशक्य नाही. १९६२च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये १०.२५:१ कॉम्प्रेशनवर टर्बो दिला होता, परंतु नॉकिंग थोपवण्यासाठी त्या गाडीला पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची फवारणी करणारी वेगळी टाकी द्यावी लागली, आणि ती टाकी भरत राहण्याचा मालकांना आलेला कंटाळा हे त्या गाडीच्या अल्पायुष्याचे एक मोठे कारण ठरले. उलट १९७३च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोमध्ये कॉम्प्रेशन ६.९:१ इतके उतरवले होते, त्यामुळे बूस्ट येईपर्यंत ते इंजिन मरगळलेले वाटे. आजच्या काळात टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि इंधन यांवर संगणकाचे नियंत्रण असल्याने मधला मार्ग निघतो, पण त्यासाठी कार्ब्युरेटर सोडावे लागतात.

कार्ब्युरेटर ठेवायचेच असतील, तर दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत टर्बो हवेच्या मार्गात कार्ब्युरेटरनंतर येतो आणि इंधनमिश्रित हवा ओढतो. तेव्हा इंटरकूलर वापरता येत नाही, कारण त्यात इंधन साचते आणि ती स्थिती धोकादायक असते. दुसऱ्या वाटेत टर्बो कार्ब्युरेटरमध्ये दाबाने हवा भरतो. तेव्हा फ्लोट चेंबरलाही (कार्ब्युरेटरमधील इंधनाच्या छोट्या कप्प्यालाही) तोच दाब द्यावा लागतो, थ्रॉटलच्या दांड्यांच्या कडेने होणारी गळती बंद करावी लागते आणि इंधनाचा दाब बूस्टपेक्षा सतत ठरावीक फरकाने जास्त राखावा लागतो. हे सारे साधते, पण तेवढ्याच कष्टात इंधन इंजेक्शन बसते आणि ते अधिक सुरक्षित असते. तुमचे एल२४ क्रमांक जुळणारे आहे, तर माझी विनंती अशी की ते सिलिंडरमध्ये तेल घालून, सर्व तोंडे बंद करून, जपून ठेवावे आणि गाडीत एल२८ईटी बसवावे. जागेवर कापाकापी झालेली नसल्यामुळे मूळ इंजिन पुन्हा कधीही बसवता येते, आणि मला वाटते की अभिजात गाडीच्या बाबतीत हा मुद्दा ताकदीहून मोठा आहे.

प्रतिसाद

मी नम्रपणे असहमत आहे. एल२८ईटीचे हेड जुन्या पद्धतीचे आहे, त्यात प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आहेत, आणि इनटेक व एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. त्याऐवजी निसानचेच नवे आरबी२५डीईटी बसवल्यास २४ व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट आणि हवेचा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारा मार्ग मिळतो. वजनाचीच चिंता असेल, तर ॲल्युमिनियम ब्लॉकचे चार सिलिंडरी एसआर२०डीईटी आहे, ज्यामुळे गाडीचे नाक उलट हलके होते. एवढे कष्ट घ्यायचेच, तर चाळीस वर्षांहून जुन्या इंजिनावर का घ्यावेत?

धागाकर्ता

आपला मुद्दा हेडपुरता पूर्णपणे योग्य आहे. ४०० अश्वशक्तीचे उद्दिष्ट असते, तर मीही आरबीच सुचवले असते. पण उद्दिष्ट आधी ठरवावे आणि इंजिन नंतर. ०.७ बार बूस्ट, इंटरकूलर, मिनिटाला ६००० फेरे आणि सिलिंडर भरण्याची क्षमता ८५ टक्के असे धरले, तर २.७५ लिटरचे इंजिन मिनिटाला सुमारे १३ किलो हवा घेते. दर मिनिटाला एक किलो हवेमागे ढोबळमानाने २२ अश्वशक्ती मिळते, म्हणजे कागदावर २८०च्या आसपास आकडा येतो. मूळ कॅमशाफ्ट आणि लहान टर्बो वरच्या फेऱ्यांना कमी पडतात, हे लक्षात घेऊन मी २५० धरतो. एक टनाच्या गाडीला २५० अश्वशक्ती म्हणजे काय, हे ज्याने २४०झेड मूळ ताकदीवर चालवली आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

आरबी किंवा एसआर बसवताना माउंटिंग, गिअरबॉक्सचा आधार, प्रॉपेलर शाफ्ट, एक्झॉस्टचा मार्ग आणि बहुतेक वेळा ऑइल संपसुद्धा (इंजिनाखालची तेलाची टाकी) जुळवून घ्यावे लागतात. हे भाग तयारही मिळतात, परंतु प्रत्येक जोडावर छोटी तडजोड येते आणि अनेक गाड्या अशाच तडजोडींमध्ये अर्ध्यावर अडकून पडतात. एसआर२०डीईटीविषयी मला आदर आहे, तरीही सहा सिलिंडरांचा सलग, गुळगुळीत आवाज हा या गाडीच्या स्वभावाचा भाग आहे, असे मला मनापासून वाटते. इथे हिशेब संपतो आणि आवड सुरू होते, त्यामुळे या मुद्द्यावर मी आपल्याशी वाद घालणार नाही.

एकाच बाजूला इनटेक व एक्झॉस्ट असण्याची अडचण मात्र खरी आहे आणि तिची किंमत उष्णतेत मोजावी लागते. टर्बाइनमध्ये शिरणारा वायू पूर्ण भाराखाली ८५० ते ९५० अंशांपर्यंत तापू शकतो, आणि ही सगळी आग इंजिनाच्या डाव्या बाजूला एकवटते. ज्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे आहे, त्यांत स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि क्लचचा मास्टर सिलिंडर नेमके त्याच बाजूला येतात. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश, तर ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश असावा, असे मानक सांगते. म्हणजेच जुने झालेले ऑइल आणि शेजारी उघडा टर्बो ही जोडी ब्रेक निकामी करू शकते. टर्बाइनच्या घरावर उष्णतारोधक आवरण, मॅनिफोल्ड आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये हवेची फट राखून लावलेला धातूचा पत्रा, आणि ब्रेक ऑइल नियमित बदलणे, या तीन गोष्टींना पर्याय नाही. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाड्यांमध्ये हे काम पुष्कळ सोपे होते.

प्रतिसाद

इंधन आणि विजेविषयी थोडी भर घालतो, कारण बहुतेक लेखांत हे दोन विषय घाईने उरकले जातात.

कार्ब्युरेटरला इंधन अगदी थोड्या दाबाने लागते. इंजेक्शनला मात्र सुमारे ३ बार दाब सतत हवा. २४०झेडची टाकी कार्ब्युरेटरसाठी घडवलेली असल्यामुळे वळणावर इंधन एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधील साठा अशा क्षणी सांभाळून घेतो, इंजेक्शनमध्ये तसा साठा नसतो. बूस्टखाली असताना क्षणभर जरी इंधन तुटले, तरी मिश्रण विरळ होऊन पिस्टन वितळू शकतो. म्हणून एक कमी दाबाचा पंप टाकीतून छोट्या मधल्या टाकीत इंधन भरत राहील आणि मुख्य पंप त्या मधल्या टाकीतून ओढेल, अशी रचना करावी. १९७५पासूनच्या २८०झेडला कंपनीकडूनच इंजेक्शन होते, त्यामुळे तिची टाकी मिळाल्यास तीही उपयोगी पडते, पण ती तशीच्या तशी बसेल असे गृहीत धरू नये.

इंजेक्टरचा हिशेबही सोपा आहे. २५० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनाला तासाला सुमारे ६८ किलो पेट्रोल लागते असे धरले, ते सहा इंजेक्टरमध्ये वाटले आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये असे ठरवले, तर प्रत्येकी मिनिटाला सुमारे ३२० सीसी क्षमता हवी. मी थोडी मोकळीक ठेवून ३७०च्या आसपासचे घेईन.

विजेच्या बाबतीत या गाडीची जुनी रचना धोक्याची आहे. चार्जिंगचा प्रवाह डॅशबोर्डवरील अँपिअर मीटरमधून फिरून येतो आणि हेडलाइटचा प्रवाह थेट स्विचमधून जातो. त्यात इंधन पंप, रेडिएटरचे विजेवरील पंखे आणि इंजेक्टर यांचा भार घातला, तर फ्यूज बॉक्सची जुनी कनेक्शन तापून वितळू शकतात. नव्या यंत्रणेसाठी बॅटरीपासून स्वतंत्र वायरिंग, स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र फ्यूज ठेवावेत व जुन्या हार्नेसकडून (वायरींच्या जुडग्याकडून) केवळ चावीचा संकेत घ्यावा. सुरुवातीच्या गाड्यांचा टॅकोमीटर इग्निशन कॉइलच्या तारेतील प्रवाहावर चालतो, त्यामुळे नवी इग्निशन बसवल्यावर तो मरतो. त्याचे अंतर्गत सर्किट बदलून घेतल्यास बाहेरून मूळ तबकडी तशीच राहते.

प्रतिसाद

कोणी अजून गंजाचा विषय काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. या गाडीचे बॉडी आणि चॅसिस एकसंध आहेत. बॅटरीच्या ट्रेखाली, जमिनीखालून जाणाऱ्या पातळ पत्र्याच्या रेल्समध्ये आणि मागच्या चाकांच्या पुढच्या कोपऱ्यांत गंज हमखास असतो. रेल्स कुजलेल्या असताना टॉर्क वाढवला, तर दारांच्या फटी डोळ्यांदेखत बदलतात. इंजिन मागवण्यापूर्वी गाडी उचलून, खालचा जुना लेप खरवडून पाहावे.

क्लचबद्दलही एक सूचना. २४०झेडचा क्लच २२५ मिमी व्यासाचा आहे आणि टर्बोसाठी २४० मिमीचा घ्यावा लागतो. प्रेशर प्लेट बदलली की तिच्या उंचीला जुळणारा रिलीज बेअरिंगचा कॉलरही बदलावा लागतो. हे न जुळल्यास क्लच एक तर सुटत नाही किंवा सतत घसरतो, आणि ते दुरुस्त करण्यासाठी पूर्ण गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसाद अत्यंत मोलाचे आहेत आणि मी ते माझ्या मूळ योजनेचाच भाग मानतो. गंजाच्या मुद्द्याला मी सर्वांत वरचे स्थान देईन.

क्लचनंतरच्या साखळीबद्दल इतकेच सांगतो की २८०झेडएक्स टर्बोचा बोर्ग-वॉर्नर टी५ गिअरबॉक्स इंजिनासोबत मिळाल्यास घ्यावा, मात्र त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि टोकाची फ्लँज बदलते. मूळ आर१८० डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) सौम्य हाताने चालवल्यास टिकेल, पण त्याच कुळातील आर२०० अधिक भक्कम आहे आणि तोच मी घेईन. ब्रेकमध्ये पुढे टोयोटाच्या चार पिस्टनच्या कॅलिपरची जोडणी जगभर रुळलेली आहे. ती केल्यावर मास्टर सिलिंडर थोडा मोठ्या व्यासाचा घ्यावा लागतो, नाहीतर पेडल लांब जाते. वेग वाढल्यावर या गाडीचे नाक हवेने उचलले जाते, त्यामुळे पुढचा एअर डॅम (बंपरखालची हवा अडवणारी पट्टी) हा शोभेचा भाग समजू नये. त्याचा दुसरा उपयोग असा की इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फटी पत्र्याने बंद केल्यास आत येणारी सगळी हवा त्यांच्यामधूनच जाते. फटी उघड्या ठेवून मोठा रेडिएटर लावण्यापेक्षा फटी बंद करून मध्यम रेडिएटर लावणे अधिक गुणकारी ठरते.

प्रतिसाद

मी नवखा आहे, म्हणून विचारतो. टर्बोला तेल देणारी आणि परत नेणारी नळी यांत विशेष काय असते? आणि सगळे जोडून झाल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना कोणता क्रम पाळावा?

धागाकर्ता

टर्बोमध्ये तेल दाबाने शिरते, पण बाहेर पडते ते केवळ स्वतःच्या वजनाने, आणि तेव्हा त्यात हवा मिसळून फेस झालेला असतो. म्हणून परतीची नळी आतून किमान १६ मिमी व्यासाची, सतत उतार असलेली, कोठेही खोलगट न होणारी आणि संपमधील तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी असावी. हे न पाळल्यास तेल टर्बोच्या मधल्या भागात तुंबते, सीलमधून बाहेर पडते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. अनेकजण त्यावर टर्बोच खराब ठरवून बदलतात आणि नव्या टर्बोतूनही धूर येतो. शक्य असल्यास मधल्या भागाला पाण्याने थंड करणारा टर्बो घ्यावा, कारण इंजिन बंद झाल्यावर थांबलेले तेल टर्बाइनच्या उष्णतेने जळून बेअरिंगमध्ये कोळशासारखे साचते.

पहिल्या सुरुवातीसाठी इंधन आणि इग्निशन दोन्ही तोडून, स्पार्क प्लग काढून, स्टार्टरने इंजिन फिरवावे आणि गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. टर्बोची परतीची नळी एकदा सैल करून तेल खरोखर तिथवर पोहोचले आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. प्लग परत बसवून इग्निशन जोडल्यावर, इंधन अजून तोडलेले असतानाच, ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) एक ठरावीक टायमिंग बांधून ठेवावे, स्टार्टर फिरवत पुलीवर टायमिंग लाइट धरावा आणि संगणक दाखवतो तोच अंश पुलीवरही दिसतो का, हे तपासावे. दोन्हींत फरक असेल, तर पुढचे सगळे ट्यूनिंग चुकीच्या पायावर उभे राहते आणि बूस्टखाली त्याचा परिणाम थेट पिस्टनवर होतो. इंजिन सुरू झाल्यावर गरम स्थितीत हीच तपासणी पुन्हा करावी.

यानंतर वेस्टगेटचा (बूस्ट मर्यादित ठेवणाऱ्या झडपेचा) दांडा सैल ठेवून किंवा मऊ स्प्रिंग लावून बूस्ट शक्य तितका कमी ठेवावा. वेस्टगेटची स्प्रिंग जेवढ्या दाबाची, त्याहून कमी बूस्ट कोणत्याही इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने मिळत नाही, त्यामुळे स्प्रिंगची निवड इथेच ठरते. वाइडबँड सेन्सरवर (एक्झॉस्टमधून मिश्रणाचे प्रमाण मोजणाऱ्या) साध्या चालण्यात हवा-इंधन प्रमाण १४.७च्या आसपास आणि बूस्टखाली ११.५ ते १२ असावे. दर एक पीएसआय (सुमारे ०.०७ बार) बूस्टमागे साधारण एक अंश टायमिंग मागे घेणे, ही सुरुवातीची सुरक्षित चाल आहे. त्यानंतर प्लग काढून पोर्सेलीनवर काळे किंवा चकाकणारे बारीक ठिपके आहेत का, ते भिंगातून पाहावे. असे ठिपके दिसले, तर नॉकिंग झालेले आहे, मग ते कानाला ऐकू आलेले असो वा नसो, आणि बूस्ट वाढवण्याआधी टायमिंग आणखी दोन अंश मागे घेऊन तीच चाचणी पुन्हा करावी.